अतिदक्षता विभागातला बाप्तिस्मा आणि दोन घरांची तडजोड

पुण्यात राहणाऱ्या एका जोडप्याच्या मुलीचा बाप्तिस्मा कुठे आणि कुणाच्या हातून व्हावा, यावरून तिच्या आजोळी आणि वडिलांच्या घरी मतभेद झाले. दोन्ही बाजू राजी राहाव्यात म्हणून वडीलधाऱ्यांनी एक तडजोड काढली, आणि ती अमलात येण्याआधीच असे निष्पन्न झाले की मुलीचा बाप्तिस्मा काही महिन्यांपूर्वी रुग्णालयातच होऊन गेलेला आहे. त्या प्रकरणाचा हा वृत्तान्त. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत. प्रस्तुत लेखक पुण्यातील एका धर्मग्रामात (कॅथलिक पॅरिशमध्ये) बाप्तिस्म्यापूर्वीच्या पालकवर्गात मदत करतो; हे प्रकरण उघडकीस आले ते त्या वर्गातच.

दोन घरे

आई वसईची, कॅथलिक, सामवेदी समाजातली. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता. चिमाजी आप्पांनी किल्ला घेतल्यावरही तिथला ख्रिस्ती समाज आपली मराठी बोली, शेतीवाडी आणि श्रद्धा सांभाळून राहिला, आणि १९९८ साली मुंबईपासून वेगळे होऊन वसईला स्वतःचा धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश) मिळाला. अशा गावात बाप्तिस्मा हा एका घराचा कार्यक्रम राहत नाही. हॉल, बँड, जेवणावळ, टोपल्या भरभरून फुगे, आणि कुणाला आमंत्रण गेले नाही याची पुढे कित्येक वर्षे निघणारी आठवण, हे सगळे त्याच्याबरोबर येते.

वडील नगर जिल्ह्यातले. त्यांचे घराणे अमेरिकन मराठी मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले. या मिशनने १८३१ साली अहमदनगरला काम सुरू केले. त्याच्या मंडळ्या (स्थानिक चर्च) १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात (सीएनआय) सामील झाल्या. त्या ऐक्यात बालबाप्तिस्मा मानणारे अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल जसे होते, तसे केवळ स्वतःच्या विश्वासाची कबुली देणाऱ्या प्रौढालाच बाप्तिस्मा द्यावा असे मानणारे बॅप्टिस्टही होते. त्यामुळे या चर्चने दोन्ही पद्धती ग्राह्य धरल्या आहेत. वडिलांचा स्वतःचा बाप्तिस्मा तान्हेपणी गावच्या मंडळीत पाळकांच्या (प्रॉटेस्टंट धर्मगुरूंच्या) हातून झाला होता आणि त्याचा दाखला घरात जपून ठेवलेला होता.

लग्न वसईला चर्चमध्ये झाले. कॅथलिक व्यक्तीने दुसऱ्या चर्चमधल्या बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीशी लग्न करायचे तर बिशपांच्या कार्यालयाकडून परवानगी लागते, आणि ती देताना कॅथलिक पक्षाकडून असे वचन घेतले जाते की होणाऱ्या सर्व मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावे यासाठी तो आपल्याकडून होईल तेवढे सर्व करील. दुसऱ्या पक्षाला या वचनाची फक्त कल्पना दिली जाते. पूर्वी ते वचन दोघांकडूनही घेत. पोप सहावे पॉल यांच्या १९७० सालच्या आदेशानंतर ते एकट्या कॅथलिक पक्षापुरते उरले. आईने सही केली होती, वडिलांनी ऐकून घेतले होते, आणि नगरच्या आजीपर्यंत ही गोष्ट लग्नाच्या धामधुमीत पोहोचलीच नव्हती. पुढचा बराचसा कडवटपणा या न पोहोचलेल्या गोष्टीतून आला.

तडजोड

मूल सहा महिन्यांचे झाल्यावर वसईहून विचारणा सुरू झाली. नाताळानंतरचा रविवार धरून हॉल सांगितला गेला. नगरच्या आजींनी फोनवर सरळ विचारले, "आमच्या मंडळीत पाळकांनी दिलेलं पाणी काय कमी पवित्र आहे का?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर वसईकडच्यांना वाटत होते त्यापेक्षा वेगळे होते. खऱ्या पाण्याने आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने नगरच्या मंडळीत दिलेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च पूर्णपणे वैध मानते. त्या मंडळीतून कुणी पुढे कॅथलिक चर्चमध्ये आले तर त्याला पुन्हा पाणी दिले जात नाही. म्हणजे वाद कुणाचा बाप्तिस्मा खरा असा नव्हताच. मूल कोणत्या समाजात वाढणार आणि आईने दिलेल्या वचनाचे काय, एवढाच तो होता. पण घरात तो "त्यांचा की आमचा" अशा भाषेत चालू राहिला.

शेवटी मुलीच्या एका काकांनी मार्ग काढला: वसईला नाताळात करू, नगरला ईस्टरला करू, दोन्हीकडे जेवण होईल, कुणाची तक्रार उरणार नाही. आपल्याकडे साखरपुडा एकीकडे, लग्न दुसरीकडे आणि स्वागत समारंभ तिसरीकडे होतो, तेव्हा बाप्तिस्माही दोनदा व्हायला काय हरकत, हा विचार मराठी घराला अगदी सहज सुचण्यासारखा आहे. दोन्ही आज्यांना तो पटला. पुण्याच्या फादरांना आणि नगरच्या पाळकांना मात्र तो एकाच कारणासाठी पटला नाही.

बाप्तिस्मा एका माणसाला एकदाच होतो, यावर या दोन्ही चर्चचे एकमत आहे. इफिसकरांस पत्रात "एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा" असे येते, आणि नायसीन विश्वासांगीकारात (उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीत) पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा आम्ही मानतो असे दोन्हीकडचे लोक म्हणतात. हा प्रश्न तिसऱ्या शतकात तापला होता. पाखंडी गटांनी दिलेला बाप्तिस्मा निरर्थक आहे, तो पुन्हा द्यावा, असे कार्थेजचे बिशप सिप्रियन यांचे मत होते. रोमचे बिशप स्टीफन यांनी ते फेटाळले, आणि पाश्चात्त्य चर्च पुढे स्टीफन यांच्या बाजूने गेले. डोनाटस पंथ या फुटीर गटाशी वाद घालताना संत ऑगस्टीन यांनी त्यामागचे कारण मांडले: बाप्तिस्मा देणारा हात कुणाचाही असो, देणारा ख्रिस्तच असतो, म्हणून हाताच्या पात्रतेवर तो अवलंबून राहत नाही. १९८२ साली पेरू देशातील लिमा येथे निरनिराळ्या चर्चच्या ईश्वरज्ञांनी मिळून मान्य केलेल्या मसुद्यातही बाप्तिस्मा ही पुन्हा न करता येणारी कृती आहे असे स्पष्ट म्हटले आहे. नगरच्या पाळकांना फोन केला तेव्हा त्यांनी हेच एका वाक्यात सांगितले: "तिकडे झाला तर आमच्याकडे मी आभाराची प्रार्थना करीन, पाणी देणार नाही."

तडजोड इथेच मोडली होती. पण ती मोडल्याचे घरात सांगण्याआधी पालकवर्ग झाला.

अर्जातला रकाना

बाप्तिस्म्याच्या अर्जात मुलाचे नाव, जन्मतारीख, आईवडिलांचे धर्मग्राम, लग्नाचे ठिकाण व तारीख, धर्मपिता-धर्ममातेची नावे आणि पत्ता हे सगळे भरावे लागते. बहुतेक धर्मग्रामांच्या अर्जात आणखी एक रकाना असतो: मुलाला यापूर्वी बाप्तिस्मा देण्यात आला आहे काय. माझ्या पाहण्यात हा रकाना कुणी वाचत नाही. या जोडप्यानेही तिथे "नाही" लिहिले होते.

वर्गात मृत्यूचा धोका असताना द्यायच्या बाप्तिस्म्याचा मुद्दा निघाला. बिशप, धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीवरचे दीक्षित सेवक) हे नेहमीचे अधिकारी, पण निकड असेल तर चर्चला अभिप्रेत आहे ते करण्याचा हेतू मनात ठेवून कोणताही माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो, असे सांगितल्यावर मुलीची आई हळूच म्हणाली, "मग आमच्या ताईंनी दिला होता, तो मोजतात का?"

ताई म्हणजे मुलीची आत्या, व्यवसायाने परिचारिका, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची सभासद. मुलगी एकतिसाव्या आठवड्यात सिझेरियनने जन्मली होती. वजन दीड किलोच्या आत होते. दुसऱ्या रात्री श्वासाचा त्रास वाढला आणि डॉक्टरांनी आशा कमी असल्याचे घरच्यांना स्पष्ट सांगितले. वडील औषधाच्या आणि आगाऊ रकमेच्या धावपळीत होते. आई वॉर्डातून उठू शकत नव्हती. तिने आत्याला बोलावून सांगितले, "ताई, तिला बाप्तिस्मा द्या." ते झाले, बाळ त्या रात्रीतून निभावले, पुढे पाच आठवडे काचेच्या पेटीत राहून घरी आले, आणि त्या रात्रीचा विषय निघेनासा झाला. आईची समजूत अशी की तो तात्पुरता होता. बाळ वाचले की खरा बाप्तिस्मा चर्चमध्ये करायचा. वडिलांना तर "प्रार्थना केली" एवढेच सांगितले गेले होते.

ही समजूत आपल्या समाजात फार खोलवर आहे, आणि त्यात लोकांचा दोष कमी, शिकवणाऱ्यांचा जास्त आहे. निकडीचा बाप्तिस्मा तात्पुरता नसतो. तो वैध असेल तर पूर्ण असतो, आणि मूल वाचले म्हणून रद्द होत नाही.

चौकशी

वैध होता का, हे ठरवायला तीन गोष्टी पुरतात: खरे पाणी अंगावरून वाहिले का, शब्द नेमके कोणते उच्चारले, आणि हेतू काय होता. फादरांनी आत्याला एकटीलाच भेटून विचारले. तिने सांगितलेला तपशील परिचारिकेच्याच नजरेचा होता. बाळाच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती आणि नाकाला श्वास देणाऱ्या नळ्या पट्टीने बसवलेल्या होत्या. तिने टोपी कपाळावरून वर सरकवली, दोन मिलिलिटरच्या सिरिंजमधून पाणी कपाळावर तीन वेळा थोडे थोडे सोडले, ते डाव्या कानशिलाकडे ओघळले, आणि बाळ गार पडू नये म्हणून लगेच गॉजने टिपून टोपी खाली ओढली. शब्द: "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते." नाव घेतले नाही, कारण नाव ठरलेच नव्हते, पेटीवर आईच्या नावापुढे "बेबी ऑफ" एवढीच चिठ्ठी होती.

फादरांनी "मी" की "आम्ही" हे दोनदा विचारले. २०२० साली व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने "आम्ही तुला बाप्तिस्मा देतो" या शब्दांनी दिलेला बाप्तिस्मा अवैध ठरवला आहे, आणि सामूहिक प्रार्थनेची सवय असलेल्या माणसाच्या तोंडून तसे निघून जाणे अशक्य नसते. आत्या ठाम होती. कापसाच्या बोळ्याने कपाळ नुसते ओले केले असते तर पाणी वाहिले की नाही याबद्दल शंका घ्यावी लागली असती. सिरिंजमुळे ती उरली नाही. सिरिंजमध्ये निर्जंतुक पाणी होते की सलाइन, हे तिला नक्की आठवेना. त्यानेही फरक पडत नव्हता. समुद्राच्या पाण्याने दिलेला बाप्तिस्मा चर्च वैध मानते, आणि समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास क्षार असतात, तर सलाइनमध्ये एक टक्काही नसतात. नाव न घेतल्यानेही काही बिघडत नाही. नाव हा विधीचा भाग आहे, वैधतेची अट नाही.

पुराव्यासाठी एक विश्वासार्ह साक्षीदार पुरतो, असे कॅनन लॉचे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचे, कलम ८७६ सांगते. त्या रात्री कामावर असलेली परिचारिका पेटीशेजारी उभी होती. आत्याने तिचा ठावठिकाणा काढला आणि तिने फोनवर आणि मग लेखी, जे पाहिले ते चार ओळींत कळवले. दोन्ही कथने जुळली. फादरांनी निर्णय दिला: मुलीचा बाप्तिस्मा झालेला आहे, पुन्हा होणार नाही.

अडलेली गाडी

वसईला ही बातमी कळली तेव्हा पहिला प्रश्न छापलेल्या पत्रिकांचा होता. दुसरा, आणि खरा, असा: एका प्रॉटेस्टंट बाईने दवाखान्यात दिलेला बाप्तिस्मा कसा चालेल? याला फादरांनी दिलेले उत्तर ऐकून काही जण चमकले. निकडीच्या वेळी बाप्तिस्मा देणाऱ्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला असणेही आवश्यक नाही. आत्याऐवजी रात्रपाळीच्या हिंदू डॉक्टरांना आईने विनंती केली असती, आणि चर्च जे करते ते करायचे या हेतूने त्यांनी तेच शब्द उच्चारून पाणी घातले असते, तरी तो बाप्तिस्माच ठरला असता.

मग वसईच्या आजीने एक मार्ग सुचवला, जो जुन्या पिढीला ठाऊक असतो: "तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर" अशी अट घालून विधी उरकून टाकायचा. सशर्त बाप्तिस्म्याची सोय चर्चमध्ये खरोखर आहे. पण कलम ८६९ प्रमाणे ती गंभीर चौकशीनंतरही शंका उरली तरच वापरायची, आणि ती का उरली हे आईवडिलांना समजावून सांगायचे. इथे चौकशी झाली होती आणि शंका उरली नव्हती. नातेवाइकांचे समाधान हे सशर्त बाप्तिस्म्याचे कारण होऊ शकत नाही. माझ्या मते या सोयीचा आपल्याकडे पूर्वी फार सैल वापर झाला, आणि त्यामुळेच दवाखान्यातला बाप्तिस्मा कच्चा असतो ही समजूत घट्ट झाली. फादरांनी नकार दिला, तो अगदी योग्य होता.

वडिलांची अडचण वेगळी होती. त्यांना राग आला तो विधीचा नव्हता. आपल्याला न विचारता, आपल्याच बहिणीने आपल्या मुलीचा बाप्तिस्मा केला आणि सात महिने कुणी बोलले नाही, हे त्यांना लागले. या बाबतीत कायदा त्यांच्या बाजूने नव्हता. एरवी आईवडिलांपैकी एकाची तरी संमती लागते, आणि ती आईने दिली होती; शिवाय मृत्यूच्या धोक्यात असलेल्या बालकाला आईवडिलांच्या इच्छेविरुद्ध दिलेला बाप्तिस्माही नियमबाह्य ठरत नाही, असे कलम ८६८ म्हणते. नियमाचा हा शेवटचा भाग मला रुग्णालयाच्या व्यवहारात धोक्याचा वाटतो. कामावर असलेल्या परिचारिकेने परक्या, विशेषतः परधर्मीय कुटुंबाच्या बाळाला गुपचूप पाणी देणे हा त्या कुटुंबाच्या विश्वासाचा भंग आहे, आणि पेशंटच्या जवळ जायची मुभा तिला त्यासाठी दिलेली नसते. या प्रकरणात आईने मागितले म्हणून आत्याने दिले, एवढा फरक आहे आणि तो मोठा आहे. वडिलांना हे पटले. पण बहिणीशी त्यांचे बोलणे पूर्ववत व्हायला वेळ लागला.

आत्याच्या मनात मात्र भीती होती, जी तिने चौकशीच्या वेळी बोलून दाखवली. त्या रात्री ती पोहोचली नसती आणि बाळ गेले असते तर? आपल्या आज्या-पणज्यांना लिम्बोची, म्हणजे बाप्तिस्मा न झालेल्या बालकांसाठी कल्पिलेल्या अवस्थेची, भीती घालण्यात आली होती. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ अशा बालकांना देवाच्या दयेवर सोपवतो, आणि २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा बाळगायला गंभीर आधार आहेत असे म्हटले. निकडीचा बाप्तिस्मा द्यावा हे खरे, पण तो भीतीपोटी द्यायचा नाही. ही गोष्ट पालकवर्गात आता आवर्जून सांगितली जाते.

कॅथलिक की सीएनआय

नगरच्या आजींना यातून एक आशेचा किरण दिसला होता: देणारी आमच्या मंडळीची, तर मूल आमच्या मंडळीचे. निकडीच्या बाप्तिस्म्यात मात्र देणाऱ्याच्या चर्चवरून मुलाचे चर्च ठरत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कलम १११ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार आईवडिलांपैकी एकच जण कॅथलिक असेल तर मूल बाप्तिस्म्याने त्या कॅथलिक पालकाच्या चर्चमध्ये दाखल होते. शिवाय आईची मागणी त्याच हेतूने होती. हे उत्तर पाळकांनीच आजींना नगरला जाऊन सांगितले, आणि ते त्यांनी सांगितले म्हणून ते ऐकले गेले.

नोंद

बाप्तिस्मा चर्चमध्ये झाला की तिथल्या वहीत नोंद होते. तो धर्मगुरूंच्या गैरहजेरीत झाला असेल, तर ज्याने दिला त्याने तो ज्या हद्दीत दिला तिथल्या धर्मगुरूंना कळवायचे, असे कलम ८७८ सांगते. म्हणून ही नोंद वसईच्या वहीत गेली नाही, आईवडील राहतात त्या उपनगराच्या वहीतही गेली नाही. ती रुग्णालय ज्या धर्मग्रामाच्या हद्दीत येते तिथल्या वहीत गेली. दिनांक बाळाच्या दुसऱ्या रात्रीचा. बाप्तिस्मा देणारी व्यक्ती म्हणून आत्याचे नाव. पुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, श्रद्धा पक्की करणारा संस्कार), विवाह वगैरे गोष्टींच्या नोंदी याच ओळीच्या समासात होत राहतील, म्हणून नोंद कोणत्या वहीत आहे हे आईवडिलांनी लिहून ठेवणे फार गरजेचे असते. विवाहाच्या वेळी चर्च सहसा सहा महिन्यांच्या आत काढलेली ताजी प्रत मागते. वीस-पंचवीस वर्षांनी "पुण्यात कुठेतरी" एवढ्यावर ती मिळत नाही.

नाव जन्म दाखल्यावर होते तेच घातले. जन्माची नोंद २१ दिवसांत नावाशिवायही करता येते आणि नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येते. या जोडप्याने ते बारशानंतर घातले होते. बाप्तिस्म्याचा दाखला जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालेल का, असे वडिलांनी विचारले, कारण त्यांच्या वडिलांचा तसा चालला होता. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पारपत्र अशा कामांना जन्म दाखलाच लागतो; बाप्तिस्म्याचा दाखला आता चर्चच्या कामापुरता.

वसईचा रविवार

पत्रिकांवरचा "बाप्तिस्मा" हा शब्द बदलून "चर्चमध्ये स्वागत" अशी चिकटपट्टी लावली गेली. हॉल तोच, बँड तोच. निकडीच्या वेळी बाप्तिस्मा झालेल्या बालकाला चर्चमध्ये आणण्याचा स्वतंत्र विधी १९६९ च्या विधिग्रंथात दिलेला आहे, आणि तो पुष्कळ धर्मगुरूंनाही क्वचितच करावा लागतो. त्यात पाणी नाही. दारातच धर्मगुरूंनी आईवडिलांना विचारले की मुलीचे नाव काय, आणि बाप्तिस्मा झालेल्या या मुलीसाठी आता तुम्ही चर्चकडून काय मागता. मग तिच्या कपाळावर धर्मगुरूंनी, आईवडिलांनी आणि धर्ममातापित्यांनी क्रुसाची खूण केली. वाचन झाले, सैतानाचा त्याग आणि श्रद्धेची कबुली झाली, पवित्र तेलाचे अभ्यंजन झाले, पांढरे वस्त्र आणि पेटती मेणबत्ती दिली गेली.

धर्मपिता मामा झाला. तो सोळा वर्षांहून मोठा, दृढीकरण झालेला, नियमाने मिस्साला (कॅथलिक उपासनेला) जाणारा. आत्याला धर्ममाता करावे अशी आईची इच्छा होती. कलम ८७४ ला ते मान्य नाही. कॅथलिक नसलेली पण बाप्तिस्मा झालेली व्यक्ती एका कॅथलिक धर्मपालकाबरोबर साक्षीदार म्हणून उभी राहू शकते, एवढीच सोय आहे. आत्या साक्षीदार म्हणून मामाशेजारी उभी राहिली. ज्या हाताने बाप्तिस्मा झाला, त्याच हाताला धर्ममातेचा मान मिळत नाही, हे बऱ्याच जणांना विचित्र वाटले. मला वाटले नाही: धर्ममाता पुढची कित्येक वर्षे त्या चर्चच्या श्रद्धेत मुलाला वाढवायला मदत करते, आणि आत्याने जे केले ते एका रात्रीचे काम होते, ज्याला त्या श्रद्धेचे सभासदत्व लागत नव्हते. दोन्ही कामे वेगळी आहेत आणि वेगळी मानली म्हणून कुणाचा अपमान होत नाही.

ईस्टरनंतरच्या एका रविवारी नगरला उपासनेत पाळकांनी मुलीला हातात घेऊन आभारप्रार्थना केली, पाण्याचे भांडे न ठेवता. आजींनी सगळ्या मंडळीला जेवण घातले. बाप्तिस्मा आपल्या मंडळीत झाला नाही, हा त्यांचा सल अजून आहे आणि त्या तो बोलून दाखवतात. मात्र "तिथला का इथला" असे त्या आता म्हणत नाहीत, कारण तो या दोन्ही ठिकाणी झालेला नाही.

या प्रकरणानंतर आमच्या धर्मग्रामाच्या अर्जातला तो रकाना मधल्या गर्दीतून काढून पहिल्या ओळीत नेला आहे. त्याखाली एक पुस्ती जोडली आहे: बाळ रुग्णालयात गंभीर असताना कुणी पाणी घालून प्रार्थना केली असल्यास, ती तुम्हाला बाप्तिस्मा वाटत नसली तरी, इथे लिहा. पालकांना हा प्रश्न तोंडीही विचारला जातो, आणि तो विचारताना शक्यतो आई आणि वडील दोघेही समोर असतील असे पाहिले जाते.